सालाचं वेगळं, पायाचं वेगळं

वैनगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या अंगाला, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं एक गाव. त्या गावातून १९७४ साली दोन दोस्त एकाच दिवशी फौजेत गेले. सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात दोघांची एकाच तुकडीत रगडपट्टी झाली, पुढे पलटणही एकच मिळाली. एकाच्या घरी दोन एकर बांधी आणि खाणारी तोंडं आठ. दुसऱ्याचं जरा बरं होतं. दावणीला बैलजोडी, बाप पै-पै मोजून चालणारा. त्यांची नावं या गोष्टीला लागत नाहीत. गावानं पुढे एकाला तीनबोट्या म्हटलं आणि दुसऱ्याला नायक, तेवढी ओळख पुरे.

तीनबोट्या हे नाव पोरांनी पाडलं. लडाखमधल्या एका चौकीवर ऐन हिवाळ्यात पहारा देताना त्याच्या उजव्या पायाला हिमदंश झाला. दोन बोटं काळीठिक्कर पडली, ती इस्पितळात कापावी लागली. पुढच्या पावसाळ्यात सुट्टीवर आला तो रोवणीच्या दिवसांत. चपला काढून धुऱ्यावरून चालत गेला आणि मागे ओल्या मातीत पावलं उमटली. डावं पाऊल पाच बोटांचं, उजवं तीन बोटांचं. पोरं त्या पावलांमागे नाचत गेली. नाव जन्माला चिकटलं. त्यानंही कधी राग धरला नाही.

त्याच हिवाळ्यात दुसऱ्याचा गुडघाही गेला होता. रसद पाठीवर घेऊन वर चढताना बर्फावरून घसरला आणि गुडघ्यात काहीतरी कडकन् मोडल्यासारखं झालं. रात्री बराकीत त्यानं गुडघ्याला पट्टी गुंडाळली आणि सकाळी इतरांबरोबर उभा राहिला.

"गड्या, डॉक्टरले दाखव," तीनबोट्या म्हणाला.

"दाखवून काय करू? मेडिकल कॅटेगरी खाली गेली का यादीतून नाव गेलंच समज."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फौजेत शरीराची श्रेणी ठरलेली असते. ती घसरली की बढती अडते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, केवढा हा मूर्खपणा. पण घरी मनीऑर्डरीची वाट पाहणारी माणसं असली की जवान दुखणं गिळतो, आणि असं गिळणारे थोडेथोडके नाहीत. त्यानंही गिळलं. दंडावर नायकाची फीत आली. गावानं त्याला नायक म्हणायला सुरुवात केली, तेही नाव जन्माला चिकटलं.

सतरा वर्षं भरली आणि १९९१ साली दोघे बाहेर पडले. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची नोकरी लागते, ती दोघांची झाली होती. निघताना वैद्यकीय मंडळापुढे उभं राहावं लागतं. मंडळानं तीनबोट्याचा पाय पाहिला, इस्पितळाचे कागद पाहिले, दुखापत सेवेमुळेच झाली असं लिहिलं आणि अपंगत्व ३० टक्के ठरवलं. वीस टक्क्यांच्या खाली भरलं असतं तर हाती काही आलं नसतं. नायकाला विचारलं, काही तक्रार? त्यानं फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिहून दिलं की काही त्रास नाही. पुढे नोकरी शोधायची होती. दरवाज्यावर उभं राहायच्या कामाला लंगडा माणूस कोण घेईल, असा त्याचा हिशेब.

म्हणजे दोघे सारखेच निघाले, पण कागद वेगळे घेऊन. नायकाच्या कागदावर फक्त नोकरीची पेन्शन. तीनबोट्याच्या कागदावर दोन रकमा. एक नोकरीची, दुसरी अपंगत्वाची. दुसरी रक्कम त्या काळी इतकी लहान होती की दर महिन्याला बँकेतून काढताना त्याचं त्यालाच हसू यायचं. "बोटाच्या भावानं बोट गेलं," असं तो म्हणायचा.

वर्षभरात दोघेही भद्रावतीच्या आयुध निर्माणीत दरबान म्हणून लागले. चंद्रपूर जिल्ह्यात माजी सैनिकाला अशी ठिकाणं बरी आहेत. निर्माणी आहे, कोळशाच्या खाणी आहेत, दुर्गापूरचं वीज केंद्र आहे. केंद्राच्या नोकरीत माजी सैनिकाला राखीव जागा असतात, राज्याच्या नोकरीत पंधरा टक्के. आणि जवानाच्या बाबतीत सरकारनं एक चांगली गोष्ट केलेली आहे. पंचावन्नच्या आत फौजेतून निवृत्त झालेला जवान केंद्राच्या दुसऱ्या नोकरीत लागला तर त्याचा पगार ठरवताना लष्करी पेन्शन हिशेबात धरायची नाही. पगार पूर्ण, पेन्शनही पूर्ण. तीनबोट्या बुटाच्या पुढच्या पोकळीत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबून गेटवर उभा राहू लागला. चिंधी घामानं भिजली की दुपारी बदलायची, म्हणून खिशात दुसरी ठेवलेली असे. नायक शेजारच्या गेटवर. त्याचा बूट बरोबर बसत होता, पण पायऱ्या चढताना तो कठड्याचा आधार घ्यायचा, आणि कोणी पाहिलं की हात काढून घ्यायचा.

मग तो पर्यायाचा कागद आला.

कागद समजून घ्यायला हवा, कारण सगळी गोष्ट त्यावर फिरते. केंद्र सरकारच्या १९७२ च्या पेन्शन नियमांत एकोणिसावा नियम होता. फौजेतून आलेल्या माणसाला तो दोन वाटा देई. एक, लष्करी पेन्शन चालू ठेवा; मग फौजेची वर्षं नव्या नोकरीत धरली जाणार नाहीत. दुसरी, लष्करी पेन्शन सोडा, आजवर घेतलेली पेन्शन, ग्रॅच्युइटी, विकलेल्या पेन्शनचे पैसे सगळे परत भरा; मग फौजेची वर्षं नव्या नोकरीला जोडून मिळतील. जो पर्याय द्याल तो कायमचा.

त्या वेळी पूर्ण पेन्शनला ३३ वर्षं लागत. नायकानं कंदिलापुढे बसून हिशेब मांडला. साठाव्या वर्षी, २०१६ साली, इथली चोवीस वर्षं होणार. तेहतिसातली चोवीस म्हणजे पेन्शन तोकडी. फौजेची सतरा जोडली तर तेहतीस भरून उरतात. शिवाय शिपायाची लष्करी पेन्शन तेव्हा होतीच किती? त्यानं फौजेतून मिळालेला पैसा पोस्टात जसाच्या तसा ठेवला होता. तो काढला, परत भरला आणि सही केली.

तीनबोट्याला पैसे परत भरायचेच शक्य नव्हते. ग्रॅच्युइटीची बांधी घेतली होती, विकलेल्या पेन्शनचे पैसे बहिणीच्या लग्नात गेले होते. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "आणायचे कुठून? बांधी विकता काय? राहू द्या हे वेगळं अन् ते वेगळं." त्यानं पहिल्या वाटेवर खूण केली. याला शहाणपण म्हणवत नाही. खिसा रिकामा होता, म्हणून हात आवरला. पण आपल्या गोष्टींत शहाण्याचं भलं आणि मूर्खाचं वाईट असं नेहमी सरळ होत नाही. इथे मोजून-मापून चालणाराच फसला.

फसला हे मात्र लगेच कळलं नाही. कळलं ते एवढंच की थंडीत गुडघा सुजतो, रात्रपाळी नको होते, आणि शेजारच्या गेटवर उभा असलेला दोस्त पगार घेतो, फौजेची पेन्शन घेतो, वर पायाचेही घेतो. एके दिवशी पानठेल्यावर नायकाच्या तोंडून निघून गेलं, "सरकारले तिकून तिकून लुटते तो. एका घरचा माणूस, तीन घरचं जेवते." पानठेल्यावरची गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. तीन घरचं जेवणारा! ज्यांच्या घरी सरकारची एकही दमडी येत नव्हती त्यांना तर ते खरंच वाटलं.

महिन्याभरात साहेबांच्या टेबलावर निनावी अर्ज पडला. अमुक दरबान एकाच शरीरावर दोन सरकारी पैसे उचलतो, धडधाकट असताना अपंगत्वाची पेन्शन खातो, चौकशी व्हावी. तीनबोट्याला बोलावलं. त्यानं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून ठेवला. कारकून जुना होता, नियम पाठ असलेला. त्यानं पीपीओवरच्या दोन्ही रकमांवर बोट ठेवलं, पगारनिश्चितीचा आदेश काढला आणि साहेबांना सांगितलं, "साहेब, काही नाही यात. पेन्शन नोकरीची आहे, ही दुसरी रक्कम दुखापतीची, आणि पगार तो इथं उभं राहण्याचा घेतो." फाईल तिथल्या तिथे बंद झाली.

अर्ज समोर पडला होता. सही नव्हती, पण अक्षर होतं. बराकीत ज्यानं शेजारी बसून सतरा वर्षं घरी पत्रं लिहिली, त्याचं अक्षर न ओळखायला तीनबोट्या काही आंधळा नव्हता. तो काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून डबा एकटा खाऊ लागला.

फाईल बंद झाली तरी गावाचं तोंड बंद होत नाही. दिवाळी सरली, मंडईचे दिवस आले. झाडीपट्टीत मंडई म्हणजे जावई-पाहुणे, दुकानं, आणि रात्रभर नाटक. त्या संध्याकाळी नाटकाचा मंडप बांधून झाला होता आणि माणसं पारावर जमली होती. कोणीतरी विषय काढला. पैसे कमवावे तर फौजीसारखे, बोटं कापून. हशा झाला. तीनबोट्या तिथेच बसला होता. नायकही होता.

पाराच्या कडेला गावातली सर्वांत म्हातारी बाई चुरमुऱ्याचं दुकान मांडून बसली होती. मालगुजारी १९५१ साली गेली. तिनं ती डोळ्यांनी पाहिलेली. तिचा सासरा मालगुजाराकडे सालगडी होता. ती म्हणाली, "हासून झालं असंल तर माह्यं आयका."

आणि तिनं सांगितलं ते असं.

तिच्या सासऱ्याचं साल ठरलेलं होतं. वर्षाला इतकी खंडी धान, एक धोतर, एक घोंगडी. एका सुगीत धानानं भरलेल्या बंडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय जुळला पण वाकडा जुळला. मालगुजार काही देवमाणूस नव्हता. बेगार घ्यायचा, व्याज घ्यायचा. पण हिशेबाला पक्का. त्यानं वहीत लिहिलं, याचं साल चालू, आणि पायाचे म्हणून वर्षाला दोन खंडी वेगळे, जन्मभर. काही वर्षांनी मालगुजारांच्या भावा-भावांत वाटणी झाली. सासरा धाकट्या मालगुजाराकडे सालाला गेला. थोरल्याचा दिवाणजी वही घेऊन आला आणि म्हणाला, मालक, आता त्याला तिकडून साल मिळते, घरचेच धान आहे, आपल्याकडचे पायाचे दोन खंडी कापून टाकू.

"थोरला मालगुजार जेवत होता," म्हातारी म्हणाली. "हात थांबवला त्यानं. दिवाणजीले म्हणते, काहून गा, धाकल्याकडे गेल्यावर त्याले नवीन पाय उगवला का?"

पारावर कोणी बोललं नाही.

"साल मेहनतीचं असते, बापू. माणूस राबला, साल घेतलं, फिटलं. दुसरीकडे राबला, दुसरं साल घेतलं, तेही फिटलं. पायाचं फिटत नाही. ते राबल्याचं नव्हं, गेल्याचं असते. सालाचं सालात, पायाचं पायात. एकात एक मिसळाल तं गड्याले लुटाल."

मग ती तीनबोट्याकडे वळली. "दाखव रे पाय."

"राहू दे माय."

"दाखव म्हणते नं."

त्यानं बूट काढला, चिंधी काढली. ज्याला बघायचं त्यानं बघितलं. नायकानं मान खाली घातली ती नाटकाची घंटा होईपर्यंत वर केली नाही.

या म्हातारीचा न्याय मोठमोठ्या सरकारांनाही उशिरा सुचला. अमेरिकेत १८९१ च्या कायद्यानं अशी बंदी होती की लष्करातून निवृत्त झालेल्याला निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाची भरपाई एकाच वेळी पूर्ण घेता येणार नाही; भरपाई घेतली की तेवढी रक्कम निवृत्तिवेतनातून कापायची. थोडक्यात, जखमी माणूस स्वतःच्याच पेन्शनीतून स्वतःच्या जखमेची भरपाई करत होता. ती बंदी सैल व्हायला २००४ साल उजाडलं, आणि तेही वीस वर्षं सेवा झालेल्या, पन्नास टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांपुरतं, टप्प्याटप्प्यानं. आपल्याकडे नोकरी पूर्ण करून निघालेल्या जवानाला सेवेची पेन्शन आणि अपंगत्वाचा भाग एकत्र मिळतो, हे आपलं बरं आहे. आपल्याकडे घोडं अडतं ते दुसरीकडे. कागदावर.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली, पण तेवढ्यात नियम तीनदा पालटले आणि तिन्ही वेळा पालटले ते नायकाच्या विरुद्ध.

सहाव्या वेतन आयोगानंतर ३३ वर्षांची अट गेली. दहा वर्षं भरलेल्या कर्मचाऱ्यालाही शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के पेन्शन लागू झाली. ज्या अटीपायी नायकानं सतरा वर्षं गहाण टाकली ती अटच उरली नाही. चोवीस वर्षांवर तीनबोट्याचीही इथली पेन्शन पूर्ण बसणार होती. दुसरा पालट समान पद समान पेन्शनचा, १ जुलै २०१४ पासून. जुन्या जवानांची पेन्शन वाढली. ज्यानं ती सोडूनच दिली त्याची कशी वाढणार? तिसरा, १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार यांच्या प्रकरणात दिलेला निकाल. अपंगत्वाची टक्केवारी ठोक टप्प्यांत धरायची, पन्नासच्या आतलं पन्नास, त्याच्या वर पंचाहत्तरपर्यंतचं पंचाहत्तर, त्याहून जास्त ते शंभर, ही सवलत आधी फक्त अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांना होती. न्यायालयानं ती मुदत पूर्ण करून निघालेल्यांनाही लागू केली. तीनबोट्याचे ३० टक्के ५० होण्याची वाट मोकळी झाली. २००६ पासूनचा हिशेब असा आहे की शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के; म्हणजे तीसला नऊ, पन्नासला पंधरा. अर्ज करायला, कागद अलाहाबादच्या लष्करी पेन्शन कार्यालयात जाऊन यायला वेळ लागला, पण झालं.

नायकाला दोष द्यायला जीभ रेटत नाही. कंदिलापुढचा त्याचा हिशेब त्या दिवशीच्या नियमानं चुकलेला नव्हता. पण परत न घेता येणारी सही करण्याआधी त्यानं एकालाही विचारलं नव्हतं, आणि ज्या दोस्ताला विचारता आलं असतं तो शेजारच्याच गेटवर उभा होता.

निवृत्तीच्या सुमारास त्यानं गुडघ्यासाठी धडपड केली. चंद्रपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेला. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, दुखापतीचा अहवाल आहे? पलटणीच्या इस्पितळातली नोंद? निघतानाच्या वैद्यकीय मंडळाचा कागद? तो शेवटचा होता, आणि त्यावर नायकाच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, काही त्रास नाही. धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं जवानाच्या बाजूनं मोठा निकाल दिला आहे; भरतीच्या वेळी नोंद नसलेलं दुखणं सेवेत उद्भवलं तर ते सेवेमुळेच आलं असं धरायचं, नाही म्हणायचं तर ते सरकारनं सिद्ध करायचं. पण त्या निकालालाही धरायला सेवेतली एखादी नोंद लागते. ज्या दुखण्याची चिठ्ठीच नाही, ते सरकारच्या लेखी झालेलंच नाही.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये दोघे शेजारी बसले. खूप वर्षांनी. नायक म्हणाला, "अर्ज म्या केला होता."

"माहीत हाय."

"काहून नाही बोल्लास?"

"तुह्या गुडघ्याचा साक्षीदार मीच हावो नं," तीनबोट्या म्हणाला. "मी बोल्लो असतो तं तुले कोण राहिलं असतं?"

नायक २०२० साली गेला. त्याच्या बायकोला कुटुंब पेन्शन सुरू झाली, एक. काही दिवसांनी ती तीनबोट्याच्या घरी आली आणि त्याच्या बायकोजवळ बसून म्हणाली, "वहिनी, बाजूच्या गावच्या फौजीची बायको सांगत होती, तिले दोन भेटतात. मले एकच काहून?"

खरं होतं. पूर्वी दोन नोकऱ्या केलेल्या माजी सैनिकाच्या विधवेलाही एकच कुटुंब पेन्शन मिळे. फौजेची घ्या किंवा दुसऱ्या नोकरीची. २४ सप्टेंबर २०१२ पासून तो अडसर निघाला आणि दोन्ही मिळू लागल्या. पण दोन मिळायला दोन असाव्या लागतात. नायकानं १९९२ साली दोन्ही नोकऱ्यांची एक केली होती. सही त्याच्या एकट्याची होती, कागदावर बायकोचं बोटही लागलेलं नव्हतं. नुकसानीत मात्र तिचा वाटा अर्ध्याहून मोठा निघाला. तीनबोट्याच्या बायकोनं तिला नवऱ्याच्या माघारी काय-काय मिळेल ते सांगितलं नाही. चहा केला. मग हळूच एवढंच म्हणाली की पायाचे पैसे तर त्यांच्यासोबतच जातील, ते मला नाहीत. हेही खरंच आहे. अपंगत्वाचा भाग माणसाच्या हयातीपुरता असतो. मृत्यू त्याच दुखापतीनं आला तर गोष्ट वेगळी.

आता तीनबोट्याचा पाय थकला आहे. तरी गावातलं कोणी पोरगं फौजेत किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलात निघालं की तो त्याच्या घरी जाऊन बसतो. पोराची आई आरतीचं ताट घेऊन उभी असते आणि हा सांगत असतो, बाळा, लागलं तर लपवू नको, डॉक्टरला दाखव, चिठ्ठी घे, चिठ्ठीचा फोटो घरी पाठव. पोरं हसतात. त्यांना छाती दाखवायची असते, हा चिठ्ठ्या दाखवायला सांगतो. आणि आजच्या पोरांना हे जास्तच ऐकायला हवं. २०२२ पासून जवानाची भरती अग्निवीर म्हणून होते, चार वर्षांची. चार वर्षांत पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर एकरकमी मदत आहे. शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५, पन्नासला १५. तिच्यासाठीही दुखापत सेवेमुळेच झाली हे कागदानं सांगावं लागतं. तसंच, केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. वनरक्षक किंवा तलाठी झालेल्या माजी सैनिकानं आपल्याला तीनबोट्यासारखी दुसरी पेन्शन बसेल असं धरून चालू नये.

चंद्रपूर-गडचिरोलीत, किंवा कुठेही, तुमच्या घरात माजी सैनिक असेल तर त्याचा पीपीओ आणि डिस्चार्ज बुक पेटीतून आजच बाहेर काढा. अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेली आहे का, मुदत पूर्ण करून निघाले असतील तर ती टप्प्यात बसवली गेली आहे का, बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, एवढं बघा. फौजेच्या कागदावर एक नाव आणि आधारवर दुसरं, ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे, आणि ती नवरा जिवंत असताना दुरुस्त करणं फार सोपं असतं. जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. सल्ल्याला पैसे पडत नाहीत. जाताना बायकोला सोबत न्या.